आमच्या गावच्या फादरांची फाइल: अकरा महिने, चार दफ्तरं आणि एक न वाचता आलेलं पान

१६ नोव्हेंबरच्या रविवारी चर्चमागच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन एकदाचं लागलं. आठ फलक, एक काचेची पेटी, आणि कॉफीबरोबर तीन प्रकारचे केक. विषय होता दुसऱ्या महायुद्धातले आमच्या गावचे फादर. खरं तर हे ८ मे २०२५ला, युद्ध संपल्याला ८० वर्षं झाली त्या दिवशी लागायचं होतं. सहा महिने उशीर झाला, त्यात माझा वाटा मोठा. जर्मनीत राहणाऱ्या कुणाला अशी जुनी माणसं शोधायची असतील तर माझ्याइतके हेलपाटे पडू नयेत म्हणून हे लिहितेय.

मी मूळची वसईची. गेली नऊ वर्षं म्युनिकच्या ईशान्येला, एर्डिंगच्या पुढच्या एका खेड्यात राहते. एस-२ लोकल आणि मग तासाला एक बस. डिसेंबर २०२४मध्ये पॅरिश काउन्सिलच्या, म्हणजे चर्चच्या गावसमितीच्या, बैठकीला मी नाताळच्या स्टॉलचा हिशेब द्यायला गेले होते. ८० वर्षांचा विषय निघाला. कुणीतरी विचारलं, तेव्हा इथे फादर कोण होते? थडग्यावरचं नाव सगळ्यांना माहीत, त्यापलीकडे काही नाही. मला नवल वाटलं. आमच्याकडे कुठला फादर कुठल्या साली बदलून आला आणि कुणाशी भांडून गेला, हे माझी आजी बोटांवर मोजून सांगायची. मी हात वर केला. बैठकीत हात वर केला की काम गळ्यात पडतं, हा वसईतला धडा नऊ वर्षांत विसरले होते.

कबूल करते, मला एक शूर माणूस हवा होता. म्युनिकमध्ये राहिलं की तशाच कथा कानावर येतात. पहिल्या महायुद्धात पाय गमावलेले येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू रूपर्ट मायर, प्रवचनांपायी तुरुंगात आणि मग झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत गेलेले. बोगनहाउझेन भागातले आल्फ्रेड डेल्प, २ फेब्रुवारी १९४५ला फाशी. त्याच भागातले तरुण धर्मगुरू हेरमान योझेफ वेर्ले. एका अधिकाऱ्याने कन्फेशनमध्ये त्यांना विचारलं होतं, जुलमी शासकाला मारण्याच्या कटाची माहिती असणं पाप आहे का? एवढ्यावरून त्यांना १४ सप्टेंबर १९४४ला फाशी दिलं. आपल्या गावातही असं काहीतरी दडलं असेल, आणि ते शोधून काढणारी मी असेन, असं मनात कुठेतरी होतं.

जानेवारीत सुरुवात पॅरिश ऑफिसपासून. आमचं ऑफिस आठवड्यातून तीन सकाळी उघडतं, साडेआठ ते अकरा. म्हणजे प्रत्येक खेपेला अर्धी रजा. कागद बघायला सध्याच्या फादरांची लेखी परवानगी लागते. ते केरळचे आहेत, इथल्या बऱ्याच गावांत आता भारतीय धर्मगुरूच असतात. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या आणि वर म्हणाले, "काही सापडलं तर मलाही सांगा, मला इथे येऊन चारच वर्षं झालीत."

पॅरिशची बखर म्हणावी अशी एक जाड वही प्रत्येक गावात असते. आमचीही होती. मी अधीरपणे १९३९ उघडायला गेले, तर वही १९३६च्या शरद ऋतूत थांबलेली. पुढची नोंद १९४६ची, छपराच्या कौलांविषयी. मधली दहा वर्षं नाहीत. पानं फाडलेलीही नाहीत, लिहिलीच नाहीत. सेक्रेटरीबाई शांतपणे म्हणाल्या, "घराची झडती कधी होईल सांगता यायचं नाही. तेव्हा कोण लिहून ठेवणार?" त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, संपलं, आठ फलक कशाने भरू?

दुसरी अडचण अक्षराची. त्या पिढीतली जर्मन माणसं कुरेंट नावाच्या वळणात लिहायची. आजचे जर्मनही ते वाचू शकत नाहीत. आपल्याकडे घरात आजोबांचे मोडीतले कागद निघाले की जी अवस्था होते तीच. 'ई' दिसतो 'एन'सारखा, 'एस' तीन तऱ्हेचे, आणि 'यू'वर छोटी चंद्रकोर नसली तर शब्द गेला. फेब्रुवारीत मी प्रौढ शिक्षण केंद्राच्या वर्गाला नाव घातलं. सहा संध्याकाळी, ७४ युरो. वर्गात मी सोडून सगळे साठीच्या पुढचे, आपापल्या पणजोबांची पत्रं घेऊन आलेले. माझा सल्ला: आधी ते अक्षर स्वतः लिहायला शिका, मग वाचा. रोज वाणसामानाची यादी मी त्या वळणात लिहायचे. तिसऱ्या आठवड्यात डोळे उघडले. आता मशिनकडून वाचून घेण्याची सोय आहे आणि ती बरी चालते, पण आडनावं आणि लॅटिन शब्द ती हमखास चुकवते.

मार्चमध्ये म्युनिकच्या आर्चडायोसिसच्या, म्हणजे महाधर्मप्रांताच्या, अभिलेखागाराला अर्ज केला. अर्जात विषय, हेतू आणि काय छापणार हे लिहायचं. इथे एक नियम आधीच माहीत असलेला बरा: धर्मगुरूची वैयक्तिक फाइल त्यांच्या मृत्यूनंतर ३० वर्षं बंद असते. आमचे फादर १९६१मध्ये वारले, त्यामुळे अडचण आली नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदी मात्र १२० वर्षं बंद. त्याआधीची कितीतरी रजिस्टरं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेली आहेत, घरबसल्या फुकट बघता येतात. वाचनकक्षातली जागा तीन आठवड्यांनी मिळाली.

अभिलेखागार जुन्या कार्मेलाइट चर्चच्या इमारतीत आहे. बाजूच्या रस्त्याला पाचेलींचं नाव, म्हणजे पुढे पोप झालेले बारावे पायस. २० जुलै १९३३ला व्हॅटिकनच्या वतीने हिटलरच्या सरकारशी करारावर सही करणारे तेच. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. कोट आणि पिशवी कुलूपबंद खणात. सोबत स्वेटर न्या, मी पहिल्या दिवशी कुडकुडले.

फाइल आली. मी श्वास रोखून नाडी सोडली, आणि आत निघाली परिपत्रकं. हवाई हल्ल्याचा भोंगा रात्री वाजला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, लावू नये. स्वर्गारोहण आणि ख्रिस्तशरीराचा सण गुरुवारी नको, पुढच्या रविवारी घ्या, कारण गुरुवारी कारखाने आणि शेतं चालली पाहिजेत. ब्लॅकआउटमुळे नाताळची मध्यरात्रीची मिस्सा उजेडात उरका. प्रत्येक परिपत्रकावर फादरांची बारीक खूण, मिळालं, वाचलं. माझा अख्खा दिवस यातच गेला आणि चिडचिड झाली. दुसऱ्या खेपेला कळलं की त्यांचं आयुष्य हेच होतं. सातशे वस्तीच्या गावात युद्ध आधी कागदावर आलं.

मग घंटा. १९४०मध्ये सगळ्या चर्चच्या घंटांची मोजदाद झाली, युद्धसामग्रीसाठी धातू हवा म्हणून. घंटांना ए ते डी असे वर्ग दिले. ए म्हणजे आधी वितळवायच्या, डी म्हणजे फार जुन्या आणि मौल्यवान, त्या राहू द्यायच्या. प्रत्येक घंटेचं वजन, साल, सूर, कुणी ओतली, सगळं फादरांनी फॉर्मात भरलेलं. आमच्या चार घंटांपैकी तीन ए वर्गात. १९४२च्या फेब्रुवारीत त्या खाली उतरवल्या. फॉर्माच्या कडेला, जिथे काही लिहायची गरज नव्हती तिथे, त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय: 'सकाळी ९ ते ११.३०. पाऊस. सगळं गाव.' एवढंच. वाचनकक्षात डोळे पुसायला रुमाल खिशात ठेवावा, तो पिशवीत राहतो.

एप्रिल-मे राज्य अभिलेखागारात गेले. शेनफेल्डश्ट्रासेवर, अर्ज भरला की बसून बघायला पैसे पडत नाहीत. म्युनिकच्या गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, बरीचशी कागदपत्रं नष्ट झालेली आहेत, त्यामुळे थेट फादरांचं नाव शोधून काही हाती लागेना. युक्ती अशी की तालुक्याच्या कचेरीची दफ्तरं मागवायची, कारण गेस्टापोचं पत्र आलं की तिथे एक प्रत राहायची, आणि गावचा पोलिसही दर महिन्याला तिथेच अहवाल पाठवायचा. ही युक्ती मला शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी सांगितली. तोवर माझ्या चार खेपा फुकट गेल्या होत्या. शिवाय दुसऱ्या एका कार्यालयाकडे केलेला माझा अर्ज सात आठवडे कुणाच्या तरी ट्रेमध्ये पडून होता. फोन केल्यावर कळलं. म्हणून सांगते, पोचपावती मागा आणि तीन आठवड्यांनी फोन कराच.

पोलिसाचे अहवाल वाचताना मला पहिल्यांदा फादर दिसले. हा पोलिस रविवारी मागच्या बाकावर बसून प्रवचन टिपून घ्यायचा. बऱ्याच अहवालांत एकच वाक्य: 'प्रवचनात आक्षेपार्ह काही नाही.' १९४१च्या एप्रिलमध्ये बव्हेरियाच्या, म्हणजे आमच्या राज्याच्या, शाळांतून क्रूस काढायचा आदेश निघाला होता. गावोगावच्या बायकांनी इतका गदारोळ केला की ऑगस्टअखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला. आमच्या गावातही बायका मुख्याध्यापकाच्या दारात उभ्या राहिल्या. पोलिस लिहितो की फादर त्यांच्यात नव्हते, ते घरात होते आणि खिडकी उघडी होती. त्या उघड्या खिडकीवर मी आठवडाभर विचार केला.

आणि मग १९४२ची केस. गावच्या शेतांवर पोलंडहून धरून आणलेली माणसं राबायची. मार्च १९४०पासून त्यांना कपड्यांवर 'पी' अक्षर लावणं सक्तीचं होतं. जर्मनांबरोबर मिस्साला बसायची त्यांना मनाई, आणि पोलिश भाषेत कन्फेशन ऐकायला धर्मगुरूंना बंदी. फादरांनी चार पोलिश मजुरांना हिवाळ्यात साक्रिस्टीतून, म्हणजे मिस्साची वस्त्रं ठेवतात त्या खोलीतून, दार किलकिलं करून मिस्सा ऐकू दिली. कुणीतरी चहाडी केली. गेस्टापोने बोलावून ताकीद दिली, ५०० मार्क अनामत भरायला लावली, पुन्हा असं केलं तर जप्त. शाळेत धर्मशिक्षण देण्याची परवानगी काढून घेतली. मला वाटलं, मिळाला माझा माणूस! पुढचं पत्र त्यांचं स्वतःचं. त्यात ते लिहितात की थंडी फार होती, आपण दाराकडे नीट पाहिलं नाही, असं पुन्हा होणार नाही. तसं पुन्हा झाल्याचा एकही कागद मला सापडला नाही.

रागच आला त्यांचा. जूनमध्ये त्याच एस-२ लोकलने उलट्या टोकाला डाखाउला गेले, जिथे नाझींची छळछावणी होती. आमची लोकल एका बाजूला एर्डिंगला जाते आणि दुसऱ्या बाजूला डाखाउला, ही गोष्ट नऊ वर्षं डोळ्यांसमोर असून कधी डोक्यात शिरली नव्हती. स्मारकाला प्रवेशमूल्य नाही. छावणीत धर्मगुरूंना वेगळ्या बराकींत ठेवत. नोंदींप्रमाणे २,७२० जण, त्यातले २,५७९ कॅथलिक. १,७८० पोलिश, जर्मन आणि ऑस्ट्रियन मिळून ४४७. तिथे मेले १,०३४. त्या बराकी आता नाहीत, नुसते चौथरे आहेत. २६ क्रमांकाच्या चौथऱ्याशी मी उभी राहिले. इथेच त्यांचं चॅपेल होतं, १७ डिसेंबर १९४४ला क्षयाने झिजलेल्या कार्ल लाइसनरला याच ठिकाणी एका फ्रेंच कैदी बिशपांनी गुपचूप गुरुदीक्षा दिली. परत येताना मोजलं: डाखाउ ते आमचं गाव, बस धरून दीड तास. आमच्या फादरांनाही हे अंतर माहीत असणार. त्यानंतर 'थंडी फार होती' हे वाक्य मला पूर्वीसारखं वाचता आलं नाही.

खात्री करायला आरोल्झेन अभिलेखागाराकडेही चौकशी टाकली होती. नाझींनी छळलेल्या माणसांची जगातली फार मोठी कागदपत्रं तिथे आहेत. चौकशी फुकट असते, बराचसा साठा ऑनलाइनही बघता येतो, पण लेखी उत्तराला महिने लागतात. एप्रिलमध्ये अर्ज, ऑगस्टमध्ये उत्तर: या नावाचं काही नाही.

मग जुलैमध्ये पॅरिश ऑफिसच्या कपाटात, मेणबत्त्यांच्या खोक्यांमागे, ती वही सापडली. काळ्या पुठ्ठ्याची, चार रकाने: तारीख, कुणी मागितलं, कुणाची नोंद, फी. १९३३ ते १९४४. दाखल्यांची वही.

जर्मनीत सरकारी जन्मनोंदणी सगळीकडे सुरू झाली १ जानेवारी १८७६ला. त्याआधीचा जन्म सिद्ध करायचा तर चर्चचं रजिस्टर हाच पुरावा. नाझी आल्यावर शिक्षक, कारकून, डॉक्टर, ज्याला त्याला आपण 'आर्य' असल्याचं सिद्ध करायची वेळ आली. आजी-आजोबांपर्यंतचे दाखले लागत, पक्षाच्या सभासदांना तर १८००पर्यंतचे. सगळे पॅरिश ऑफिसकडे धावले. आमच्या फादरांनी रात्री बसून हे दाखले लिहिले, सुबक, गोल अक्षरात. मी मोजले: १,९००हून जास्त. फुकट कुणाला दिला, कुणाला तातडीने, सगळं टिपलेलं.

मलाही हे दाखले माहीत आहेत. इथल्या चर्चमध्ये मुलीच्या बाप्तिस्म्याच्या वेळी माझा दाखला वसईहून मागवावा लागला होता. माझ्या भावाने पॅरिश ऑफिसात रांग लावून, शिक्का मारून, कुरियरने पाठवला. कागद तोच. आईवडिलांची नावं, बाप्तिस्म्याची तारीख, फादरांची सही.

१९३८च्या नोव्हेंबरमध्ये एक नोंद आहे. मागणारं सरकारी कार्यालय. नोंद एका बाईची, गावात लग्न करून आलेली, लग्नाआधी १९११मध्ये बाप्तिस्मा झालेला. शेरा: 'आईवडील ज्यू धर्माचे. जसंच्या तसं उतरवून पाठवलं.' फी: नाही. खालच्या ओळीत दुसऱ्या दिवशीचा दाखला, एका सुताराचा, ६० फेनिग. अक्षर जरासुद्धा हललेलं नाही.

त्या बाईंविषयी मी म्युनिकच्या ज्यू नागरिकांच्या स्मरणयादीत पाहिलं, आरोल्झेनला दुसरी चौकशी टाकली. नाव जुळत नाही, लग्नानंतरचं नाव गावातही कुणाला आठवत नाही. सापडली नाही म्हणजे वाचली असं नाही, आणि गेली असंही नाही. उत्तर अजून यायचंय.

ही वही प्रदर्शनात ठेवायची की नाही यावर सप्टेंबरमध्ये दोन बैठका झाल्या. एक गृहस्थ म्हणाले, "ते काय करणार होते? कागद मागितला, दिला." दुसऱ्या बाई म्हणाल्या, साक्रिस्टीचा फलक मोठा करा आणि वहीचा फलक काढा. मी नवी, बाहेरची, परदेशी उच्चाराची. वाद घालताना माझं जर्मन नेहमी दगा देतं. शेवटी केरळचे फादर म्हणाले, दोन्ही ठेवा, शेजारी-शेजारी, एकाच आकारात. वही काचेच्या पेटीत गेली, त्या बाईचं नाव झाकून.

उशिरा केलेलं एक काम सगळ्यात आधी करायला हवं होतं: जिवंत माणसांशी बोलणं. गावातल्या ९१ वर्षांच्या ओमा, म्हणजे आजी, १६ एप्रिल १९४४ला ख्रिस्तशरीर पहिल्यांदा स्वीकारलेल्या. मी जूनपर्यंत त्यांच्याकडे गेले नाही, कारण कागद न वाचता गेले असते तर काय विचारायचं हेच कळलं नसतं असं मला वाटायचं. चूक. १९४५च्या उन्हाळ्यात आर्चडायोसिसने सगळ्या पॅरिशना युद्ध आणि अमेरिकन सैन्याचा प्रवेश यावर अहवाल लिहायला सांगितलं होतं. आमच्या फादरांचा अहवाल दोन पानी, टाइप केलेला. त्यात एक वाक्य: 'मनोऱ्यावर पांढरं निशाण लावण्यात आलं.' लावण्यात आलं! आपल्या सरकारी मराठीची आठवण आली. कुणी लावलं?

हा प्रश्न साधा नव्हता. २८ एप्रिल १९४५ला रेडिओवर उठावाची हाक आली. तेव्हा बाड आयब्लिंगजवळच्या गेटिंग गावात चर्चच्या मनोऱ्यावर बव्हेरियाचा निळा-पांढरा झेंडा लागला, आणि हिटलरच्या एसएस या सशस्त्र दलाच्या लोकांनी तिथले फादर योझेफ ग्रिम आणि शाळामास्तर गेओर्ग हांगल या दोघांना त्याच दिवशी गोळ्या घातल्या. अमेरिकन अजून पोचायचे होते. म्युनिक पडलं ३०ला.

ओमांना विचारलं तर त्या हसल्याच. "फादरांनी? छे! त्यांची स्वयंपाकीण. टेबलक्लॉथ होता, नाताळचा, कडेला भरतकाम होतं. फादर खाली शिडी धरून उभे होते आणि तिला म्हणत होते, उतर, उतर. ती उतरली नाही."

त्या स्वयंपाकिणीचं नाव मी सगळीकडे शोधलं. फादरांच्या घरी ती २६ वर्षं होती. एका अर्जात तिच्या रेशनकार्डाचा उल्लेख आहे, 'घरकाम करणारी व्यक्ती' म्हणून. थडगं नाही, इथल्या स्मशानात थडग्याचा करार संपला की जागा दुसऱ्याला जाते. आठवा फलक तिचा आहे. त्यावर फोटो नाही, फक्त ओमांचं बोलणं.

हिशेब विचारतात म्हणून: वर्ग ७४ युरो, स्कॅन आणि प्रती ११० युरोच्या आसपास, फलकांची छपाई ३४० (ती पॅरिशने दिली), प्रवास महिन्याच्या ५८ युरोंच्या तिकिटात भागला. रजा साडेनऊ दिवस. कागद बघायला जाताना दर वेळी त्या दिवशीच लिहून काढा, कुठल्या दफ्तरातलं कुठलं पान. मी मे महिन्यात दोन दिवस आळस केला आणि पोलिसाचा एक अहवाल पुन्हा शोधायला पूर्ण दिवस घालवला.

एक गोष्ट राहिलीय. दाखल्यांच्या वहीत शेवटच्या पुठ्ठ्याला चिकटलेलं एक पान आहे, दोन्ही बाजूंनी लघुलिपीत. गाबेल्सबेर्गर पद्धतीची, जिच्यात म्युनिकचे कार्डिनल फाउलहाबर आपली रोजनिशी लिहीत. ती वाचणारी माणसं आता मोजकीच उरलीत. साध्या अक्षरात फक्त तारीख आहे, नोव्हेंबर १९३८, दाखला पाठवल्यानंतरचा तिसरा दिवस. मी दोन ठिकाणी विचारलंय. एकीकडून फेब्रुवारीची वेळ मिळालीय. तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत गाबेल्सबेर्गर वाचणारं कुणी असेल, तर मला कळवा. मूळ पान आता ऑफिसच्या तिजोरीत आहे, चावी मंगळवारी मिळते.